एक वीत उघडी

वैजापूरच्या पाहुण्यांची गाडी दारात लागली तेव्हा रुक्सार जिन्याखाली चपला शोधत होती.

"कुठं?" वरनं अम्मीचा आवाज.

"धागा आणते कोपऱ्यावरनं."

"धागा फुफीनं कालच आणून ठेवलाय. वर ये गुमान. भावाची रजई हाय आज. आज तरी एका जागी बूड टेकव."

रुक्सारनं हातातली चप्पल भिंतीवर हाणली अन वर गेली. एका जागी बसायचं म्हणलं की तिच्या पायात वळवळ सुटायची. दहावी अर्ध्यात सोडली. मुकुंदवाडीचा पार्लरचा क्लास सोडला. आता खाली दुकानात गिऱ्हाईकाला गाद्या दाखवायची अन घासाघीस केली की भांडायची. "ह्या पोरीच्या बुडाखाली निखारा हाय," अम्मी येईल त्याला सांगायची.

घर पिंजाऱ्यांचं. खाली उस्मानपुऱ्याच्या रस्त्याला अब्बाचं गादीघर, वर राहतं घर. मशीन दिवसभर धडधडायचं, अन पांढरी धूळ जिन्यानं चढून भाकरीवरसुद्धा बसायची. आता लोक फोमच्या गाद्या नेतात. पण ह्या घरात लग्न निघालं की नव्या जोडप्याची रजई हातानंच व्हायची. कापूससुद्धा मशीनवर नाय, पणजोबाच्या वेळच्या कमानीवर पिंजलेला. दोन्हीकडच्या बायका चारी कडांना बसून टाके घालायच्या. एका कोपऱ्याला एक वीत कड तेवढी उघडी ठेवायची. मग गडीमाणसं घराबाहेर जायची, अन घरातली सगळ्यात मोठी बाई ती वीत शिवायची. शिवताना काहीतरी गाणं म्हणायची म्हणे. रुक्सारला त्यातलं काही माहीत नव्हतं. लहानपणापासून तिला कैकदा बसवलं होतं, अन दरवेळी ती दुपार व्हायच्या आत पसार झाली होती.

आजची मोठी बाई मुनिराफुफी. अब्बाची थोरली बहीण. लग्नाची मेंदी पुरती उतरली नाय तर नवरा गेला, अन ती कापडाची पिशवी घेऊन भावाच्या घरी आली, ती कायमची. आजचा नवरदेव फरदीन अन रुक्सार, दोघांना तिनंच वाढवलं. शाळेतनं तक्रार आली की फुफी जायची. अब्बा पट्टा काढायचा तेव्हा फुफी मधी उभी राहायची.

अन ह्या फुफीचं एक गुपित रुक्सारच्या फोनमधी होतं.

गेल्या जुम्मेरातीला, गुरुवारी, ती खोळीचं कापड आणायला मागच्या गोदामात गेली, तर दार आतनं बंद. आत पिंजायच्या कमानीची तात वाजत होती, टुंग, टुंग. अन फुफी गात होती. फुफीचा आवाज म्हणजे ओरडून ओरडून फाटलेला. हा आवाज तसला नव्हता. एखादी पोरगी उशीत तोंड खुपसून बोलती ना, तसला होता. रुक्सारनं दाराच्या फटीला फोन लावला. कशासाठी, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. नंतर तिनं ते कानात वायर घालून किती वेळा ऐकलं. फुफीचं कुणीतरी हाय! दरवेळी तिला पोटात गुदगुल्या व्हायच्या. घरातल्या सगळ्यांपेक्षा आपल्याला जास्ती माहिताय, अन ते आपण कुणाला सांगणार नाय, ह्याचा तिला लई रुबाब वाटायचा.

तर वर रजई पसरलेली. लाल साटीन, आतनं मलमल. अम्मी एका कडेला, शेजारच्या द्वारकाबाई दुसऱ्या कडेला. द्वारकाबाईंचं कुंकवापासून बोलण्यापर्यंत सगळं ठसठशीत. भिंतीला भिंत लागून संसार झालेला, ह्या घरातली एक रजई त्यांच्या हाताशिवाय झाली नव्हती. त्यांच्यापायी सगळ्या मराठीतच बोलत होत्या. तिसऱ्या कडेला नवरीची आई जैतुनबी. बसायच्या आधी तिनं घर, पंखा, फ्रीज सगळं डोळ्यानं मोजून घेतलं होतं. फुफीनं रुक्सारला आपल्या शेजारी ओढून बसवलं.

"कापूस लई हलका झालाय हो," जैतुनबी रजई दाबत म्हणली. "आमच्याकडचाच ना? वैजापूरचा?"

"तुमच्याकडचाच," फुफी म्हणली. "सरकी लई निघाली."

द्वारकाबाई खो खो हसल्या. "आपा, पाहुण्या हायत त्या. जरा खोटं बोला."

जैतुनबीपण हसली, पण तोंडातल्या पानापुरतीच. थोडा वेळ सुया चालल्या. मग तिनं हळूच विषय काढला. "शेवटची वीत कोण शिवणार?"

"आपाच," अम्मी म्हणली. "मोठ्या त्याच."

"नाय, तसं नाय... वाईट नका वाटून घेऊ. पण आमच्यात बेवा बाईचा हात नव्या रजईला लावत नायत. पोरगी माझी हाय ना. काळीज धडधडतं."

सगळ्यांच्या सुया थांबल्या. फुफीची चालू होती.

"तसं मी शिवली तरी चालंल," अम्मी म्हणली. लई पटकन म्हणली. रुक्सारच्या नजरेतनं ते सुटलं नाय. अम्मीनं हे वाक्य कधीपासून तोंडात धरून ठेवलं होतं.

"का म्हणून?" रुक्सार उसळली. "कापूस कुणी पिंजला? तुम्ही? हात सोलून निघाले तिचे. अन आता शिवायला अम्मी?"

"रुक्सार!" अम्मी.

"बोलू द्या की," जैतुनबी म्हणली. "पोरगी तेज हाय. काय शिकती ही?"

"दुकान बघती."

"म्हणजे शिकत नाय."

फुफीनं रुक्सारच्या हातातली कड आपल्याकडं ओढली. भांडण मोडायची तिची ही जुनी पद्धत, कामात डोकं घालायचं. "तू गप. आधी हातातलं बघ. हे टाके हायत का कोंबडी चाललीया?" अन सुईच्या टोकानं तिनं रुक्सारचे टाके पाहुण्यांसमोर एकेक करून उसवले. ती नेहमीच उसवायची. पण नेहमी घरात कुणी नसायचं.

"दहावी नाय, सुई नाय," जैतुनबी हसत म्हणली. "हिला नेणार कोण?"

रुक्सारनं फुफीकडं पाह्यलं. आता फुफी बोलणार. असल्याला फुफी सोडत नाय.

फुफी खाली बघूनच म्हणली, "खरंय. हिला काहीच शेवटापर्यंत नेता येत नाय."

द्वारकाबाईसुद्धा हसल्या. वाईट हसल्या नव्हत्या, पण हसल्या. रुक्सारच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी हिच्यासाठी भांडले, अन ही!

"मला येत नाय," ती उभी राहिली. "पण मी गोदामात कडी लावून कुणाला बोलवत नाय. रातचं ये, चोरून ये म्हणत नाय!"

"काय बकती?" अम्मी म्हणली.

"मी नाय, तुमच्या आपा बकत्यात. ऐका."

अन तिनं फोन दाबला.

आधी तात वाजली. मग तो आवाज आला, अन खोली त्याच्यासाठी फार लहान होती.

*पिया आया था दारां पो, मैं पिंजती रह गई,*
*हातां भरे थे रूई सूं, कुंडी लगी रह गई.*

*रात कू आ तू चुपके सूं, मैं कुंडी हळू खोलूं,*
*घर के लोगां सोये हैं, मैं किस्कू क्या बोलूं...*

दुसऱ्या कडव्याच्या मधीच जिन्यात पावलं वाजली. अब्बा चहाची किटली घेऊन वर आला होता. दारातच थांबला. किटलीतनं वाफ निघत होती. रुक्सारनं फोन बंद करायला बोट नेलं, पण ते चुकीच्या जागी लागलं, आवाज आणखी मोठा झाला. *मैं किस्कू क्या बोलूं.* मग कमानीचा एक टोला, अन संपलं.

फुफीनं बोटातनं शिवणाचं अंगुस्तान काढलं अन रजईवर ठेवलं. बाकी काही केलं नाय. तोंड लाल नाय, डोळ्यात पाणी नाय. रुक्सारला वाटलं होतं फुफी ओरडंल, कानाखाली वाजवंल. तेच बरं झालं असतं.

"वा," जैतुनबी म्हणली. "मी बेवा म्हणत होते. माझंच चुकलं की."

अब्बानं किटली खाली ठेवली. "आपा." त्याची नजर फरशीवर होती. "कोण हाय?"

"काय म्हणला?"

"कोण हाय हा? घरात पाहुणे हायत. मला कळायला पाहिजे."

फुफी भावाकडं बघत राहिली. तिनं त्याला कडेवर घेऊन दुकानात आणलेलं, त्याच्या बोटाला धरून तातीवर टोला मारायला शिकवलेलं. तो वर बघंना.

रुक्सार अम्मीकडं बघत होती. अम्मी सुईत धागा ओवत होती. धागा आधीच ओवलेला होता. तरी ती सुई डोळ्यांजवळ धरून ओवतच होती. अम्मीला माहिताय. काय ते कळंना, पण अम्मीला काहीतरी माहिताय, अन ती गप हाय.

"भाभी," द्वारकाबाई म्हणल्या. "बोला की."

"मी काय बोलू?"

"मला विचारता? तुमची बोली मला अर्धी समजती, अर्धी नाय. पण तुम्ही नवरी होऊन आलात त्या रजईला मी होते. तुमच्या सासूनं हेच म्हणलं होतं. ती वीत शिवताना. तुम्ही पदर डोळ्याला लावून बसला होता." त्या अब्बाकडं वळल्या. "नवाबभाई, तुम्ही खाली असता तवा, तुम्हाला कसं ठावं असणार? ते वीतेचं गाणं हाय. अन ह्यात शेवटचं कडवं नाय. ते शेवटच्या टाक्यालाच म्हणत्यात."

अम्मीनं सुई खाली ठेवली. "व्हय," ती म्हणली. तिचा आवाज कुणाला ऐकू आला, कुणाला नाय. "तेच हाय. अम्माजानचं."

"मग आत्तापर्यंत बोलली का नाय?" अब्बा म्हणला.

अम्मीचं उत्तर लाल साटीनवर एक वीत उघडं पडलं होतं.

फुफी गुडघ्यावर हात ठेवून उठली. "अन असता कुणी, नवाब?" ती शांतपणे म्हणली. "समज, असता एखादा माणूस. एवढ्या वर्सात. तर तू काय केलं असतं? त्याला चहा पाजला असता का मला हाकललं असतं?"

"आपा, माझं तसं..."

"तू मला विचारलं, कोण हाय. कशी हाय म्हणून आजपत्तर कधी विचारलं नाय."

ती अब्बाच्या बाजूनं निघून जिना उतरली. अब्बानं तिला वाट द्यायला अंग चोरलं, अन तसाच चोरलेल्या अंगानं उभा राहिला.

मग जैतुनबीनं पदरानं तोंड पुसलं. "माझी दादी चक्कीवर असलंच म्हणायची," ती कुणाकडं न बघता म्हणली. "पिया, पिया. आम्ही पोरी तिला चिडवायचो, म्हातारीचा पिया कुठंय म्हणून. ती गेली. एक ओळ आठवत नाय मला आता." तिनं रजईवरचं अंगुस्तान उचललं, पुसलं, परत ठेवलं. "त्याच शिवू द्या. मी काही म्हणत नाय."

"आता त्या शिवायला हव्यात ना," द्वारकाबाई म्हणल्या, अन रुक्सारकडं बघितलं. रागानं नाय. रागानं बघितलं असतं तर तिला उलट बघता आलं असतं.

गोदामाचं दार ह्या वेळी उघडं होतं. फुफी सरकीच्या पोत्यावर बसली होती. वरच्या झरोक्यातनं दुपारचं ऊन आलं होतं अन त्यात कापसाची तुसं तरंगत होती. रुक्सार उंबऱ्याच्या आत जाईना. जन्मात पहिल्यांदा तिच्या पायांना कुठं पळावंसं वाटत नव्हतं, अन आत जावंसंबी वाटत नव्हतं.

"पुसून टाकलं," ती म्हणली. फोन पुढं केला. "बघा. काहीच नाय आता."

"फोनातलं पुसलं. जैतुनबीच्या कानातलं कसं पुसशील? माझ्या भावाच्या?"

रुक्सारचा हात खाली आला.

"मला वाटलं... मी खरंच खूश झाले होते, फुफी. तुमचं कुणीतरी हाय म्हणून."

"हाय की."

फुफीनं बोट वर केलं, झरोक्यापलीकडच्या आभाळाकडं.

"पण असं कसं म्हणता मग?" रुक्सारच्यानं राहवलं नाय. "रातचं ये, चोरून ये. अल्लाला कुणी असं म्हणतं का?"

"मग कसं म्हणायचं? तहसीलीत अर्ज देतात तसं?" फुफीला जवळजवळ हसू आलं होतं, पण ते ओठापर्यंत पोचलं नाय. "ज्याच्याबिगर जीव राहत नाय, त्याला माणूस जसं बोलतं तसंच बोलणार. दुसरी बोली कुठंय आपल्यापाशी? नमाजात मी त्याची बंदी, त्याची दासी हाय. उभी रहा म्हणला उभी, वाक म्हणला वाकले. पण हितं..." तिनं भिंतीला टेकवलेल्या कमानीकडं हात केला. "हितं तो मला माझ्या नावानं हाक मारतो. ते मी चौकात म्हणू का?"

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. कुणीतरी फरदीनला गादीचा भाव विचारत होतं.

"कुणी केलं हे गाणं?"

"तुझ्या पणजोबाच्या आईनं. कापूस पिंजत होती. दारावर टकटक झाली. कुणी फकीर पाणी मागत होता. हिचे हात भरलेले, म्हणली थांब जरा. थांब जरा, थांब जरा करता करता इसरली. उठून बघितलं तर दारात कुणी नाय. उन्हाळ्याचे दिवस. गल्लीत शोधलं, गावात शोधलं. कुणी म्हणालंच नाय की असा फकीर आला होता. ती तोंड लपवून रडायची म्हणे. माझ्या दारी कोण आलं अन मी कुणाला उभं ठेवलं! त्या शरमेतनं हे निघालंय." फुफीनं पोत्यातनं सांडलेल्या चार सरक्या बोटानं गोळा केल्या. "लोक म्हणत्यात मोहब्बतीचं गाणं. हाय मोहब्बतीचंच. पण शरमेशिवाय ते गळ्यातनं निघत नाय. ज्याची मान कधी खाली गेली नाय त्यानं म्हणलं तर नुसता सूर निघतो."

रुक्सारची मान खालीच होती. फरशीवर कापसाच्या तुसांत तिच्या पायाचे ठसे उमटले होते, दारापर्यंत येऊन थांबलेले.

"चल," फुफी म्हणली.

"तुम्ही म्हणणार?"

"माझं आज म्हणून झालंय. सगळ्यांनी ऐकलं. तू म्हणशील."

"मला येत नाय! मी... फुफी, त्या सगळ्यांसमोर नाय. मी मरून जाईन."

"नाय मरत."

वर सगळ्या होत्या तशाच बसल्या होत्या. फुफीला येताना बघून अब्बा जिन्याकडं निघाला. वीत शिवताना गडीमाणूस घरात थांबत नाय.

"थांब, नवाब," फुफी म्हणली. "आजपासून थांबायचं. तुम्हाला बाहेर ठेवून आम्ही काय कमावलं?"

अब्बा उंबऱ्यावरच बसला, एक पाय आत, एक पाय जिन्यात. फरदीनलाही खालनं हाक मारली. तो कोपऱ्यात उभा राहिला. स्वतःची रजई, पण कुठं बघावं ते त्याला कळंना. अम्मी सरकली अन तिनं फुफीसाठी उघड्या कडेजवळची जागा मोकळी केली. फुफी तिथं बसली नाय. तिथं तिनं रुक्सारला बसवलं, अन आपण मागं बसली, अम्मीच्या गुडघ्याला गुडघा लावून. अम्मीनं आपला गुडघा हलवला नाय, पण तिच्या डोळ्यांतनं पाणी टपकन साटीनवर पडलं, अन तिथं लाल रंग गडद झाला.

रुक्सारच्या बोटात अंगुस्तान ढिलं होत होतं. पहिली दोन कडवी तिला पाठ होती. उगीच नाय इतक्या वेळा ऐकलं होतं. पण दुसऱ्या कडव्याला, *मैं कुंडी हळू खोलूं* ला, ती अडली. ह्याच कडव्याला मघाशी तिच्या बोटानं आवाज मोठा झाला होता. जैतुनबी समोर होती. अब्बा समोर होता. सुई बोटात रुतली.

"म्हण," फुफी मागनं म्हणली.

तिनं म्हणलं. सूर नव्हता, नुसता श्वास होता. टाके वाकडे पडत होते, कोंबडी चालल्यासारखे. शेवटचा टाका राहिला तेव्हा फुफी तिच्या कानाशी वाकली, अन शेवटचं कडवं तिनं हळूच सांगितलं. आधी एक ओळ. रुक्सारनं ती म्हणली, अन म्हणता म्हणता तिला ती कळली, अन तिला वाटलं ही ओळ पिंजणाऱ्या खापरपणजीनं केली नसंल, कुणीतरी आज दुपारी ह्या खोलीत उभं राहून केली असंल.

*दार बी मैं, कुंडी बी मैं, मैंच बंद रह गई,*

दुसरी ओळ फुफीनं दारापर्यंत ऐकू जाईल अशी सांगितली तेव्हा रुक्सारला ती म्हणता येईना. अन मग दारातनं, अब्बाच्या बेसूर, धूळ बसलेल्या गळ्यातनं, ऐकलेलं पुन्हा बोलावं तसं आलं,

*भितर बैठा था रब मेरा, मैं बाहर ढुंडती रह गई.*

त्यानं ते फुफीकडं बघून म्हणलं. वर बघून.

रुक्सारनं गाठ मारली. कड बंद झाली, पण काय बंद झाली! बाकीची रजई छापल्यासारखी सरळ, अन ही एक वीत अशी वाकडी की आंधळ्यालासुद्धा बोटाला लागंल. तिनं ती फुफीपुढं सरकवली अन वाट बघत बसली. आता फुफी सुईचं टोक घालील, एकेक टाका उसवील, अन नीट करील. नेहमी करती तशी. रुक्सारला आज ते पाहिजेच होतं. फुफीनं ते सगळं उसवावं, म्हणजे ही दुपार कुठं दिसणार नाय.

फुफीनं कडेवर अंगठा फिरवला, पार ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग वाकून दातानं धागा तोडला अन रजईची घडी घालायला घेतली.

"फुफी, ते उसवा ना."

"नाय," फुफी म्हणली. "राहू दे."